३५८४ आणि ३५८४ : ग्राफिक्स कार्डाचं जुनं-नवं

मंडळी, फळ्यावर दोन कार्डांची नावं लिहिली आहेत. जीटीएक्स १०८० टीआय, मार्च २०१७ चं. आणि आरटीएक्स ३०६०, फेब्रुवारी २०२१ चं. दोन्ही एनव्हिडियाची. कोअरची संख्या दोन्हींची एकच, ३५८४. मेमरी एकाची ११ जीबी, दुसऱ्याची १२. जळगावच्या गोलाणी मार्केटात एखादा पोरगा वापरलेलं १०८० टीआय हातात घेऊन उभा असतो. त्याचा हिशोब सरळ: कोअर तेवढेच, मेमरी जवळपास तेवढीच, मग नवं कशाला? शेजारी उभ्या त्याच्या वडिलांचा हिशोब त्याहून सरळ: नवं ते नवं.

आता बघा, रे ट्रेसिंग बंद ठेवून गेम चालवला तर ही दोन्ही जवळपास बरोबरीत येतात, कधी जुनंच थोडं पुढे जातं. म्हणजे पोराचं बरोबर? उत्तर बरोबर, रीत चुकीची. ३०६० च्या पिढीत कंपनीने कोअर मोजायची पद्धतच बदलली. तिच्या लगेच आधीच्या पिढीत पूर्णांकांच्या गणितासाठी वेगळा ठेवलेला भाग आता दशांशाचंही गणित करू लागला, म्हणून तोही मोजणीत आला. पूर्णांकांचं काम निघालं की तो तिकडे गुंततो. त्यामुळे २०१७ चे ३५८४ आणि २०२१ चे ३५८४ हे एका मापाने मोजलेलेच नाहीत. उलट मेमरीतून सेकंदाला किती माल ये-जा करतो ते पाहा: जुन्याचे ४८४ जीबी, नव्याचे ३६०. आणि वीज? जुनं २५० वॅटपर्यंत खातं, नवं १७०.

नावातल्या आकड्यावर जाऊ नका, हे मी दुकानात रोज सांगतो. २०२३ च्या जूनमध्ये आरटीएक्स ४०६० आलं. आकडा मोठा, पिढी नवी, वीज फक्त ११५ वॅट. पण मेमरी १२ वरून ८ जीबीवर आली. ८ जीबीत मावणाऱ्या कामात ते ३०६० ला मागे टाकतं. काम मावलं नाही की गाडं अडतं, कारण उरलेला डेटा कॉम्प्युटरच्या मुख्य मेमरीतून ओढावा लागतो. त्यातही ४०६० ला मदरबोर्डाशी जोडणारे मार्ग आठच आहेत, ३०६० ला सोळा. जुन्या बोर्डावर हे जास्त जाणवतं. इंजिनिअरिंगची मुलं घरच्या मशीनवर एआयची मॉडेल चालवून बघतात, त्यांना मी आजही जुनं ३०६० सुचवतो. मॉडेल मेमरीत बसलंच नाही तर वेगाचं काय लोणचं घालायचं?

आपल्याकडे कार्डाचा खरा गिऱ्हाईक मात्र गेमवाला नाही. तो आहे लग्नाचं शूटिंग आणि अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ एडिट करणारा, धुळ्यापासून भुसावळपर्यंत. त्याची तक्रार ठरलेली: ‘टाइमलाइन अटकते, मोठं कार्ड टाका.’ मी आधी विचारतो, कॅमेरा कोणत्या फॉरमॅटमध्ये रेकॉर्ड करतो? आताचे बरेच चांगले कॅमेरे एच २६५ मध्ये दहा बिट, ४:२:२ असं चित्रण देतात. ही फाइल उलगडायचं काम कोअर करत नाहीत, त्यासाठी कार्डात वेगळा भाग असतो. आणि ४:२:२ उलगडणं एनव्हिडियाच्या ३० च्या मालिकेतल्या कार्डांना जमत नव्हतं, ४० च्या मालिकेतल्यांनाही नाही. ते आलं २०२५ च्या ५० च्या मालिकेत. म्हणजे ३०६० काढून त्याने दुप्पट किमतीचं ४० चं कार्ड टाकलं, तरी ती टाइमलाइन तिथेच अटकणार! त्याऐवजी इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधलं अंगचंच ग्राफिक्स हे काम करतं. फक्त नावापुढे एफ अक्षर असलेला प्रोसेसर नको, त्यात ते ग्राफिक्स नसतं. थोडे पैसे वाचतात म्हणून नेमका तोच गळ्यात मारलेला असतो.

कंपनीच्या आलेखांबद्दल दोन शब्द. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी जाहीर केलं, की ५४९ डॉलरचं ५०७० हे आधीच्या पिढीतल्या ४०९० इतकी कामगिरी देईल. त्यामागची मेख अशी, की त्या मोजणीत चारातल्या तीन फ्रेम कार्डाने एआय वापरून मधल्यामध्ये रचलेल्या असू शकतात. चित्र गुळगुळीत दिसतं, खोटं नाही. पण बटण दाबल्यावर उत्तर मिळायचा वेग त्यातून वाढत नाही, आणि व्हिडिओ रेंडर करणाऱ्याला तर त्याचा काडीचा उपयोग नाही.

सरासरीचंही तसंच. जळगावहून धुळ्याला निघालेली बस सुसाट गेली आणि पारोळ्याजवळ अर्धा तास अडकली, तर सरासरी ठीक दिसेल, प्रवासी मात्र शिव्याच घालतील. म्हणून सरासरी फ्रेमच्या जोडीला सर्वांत हळू एक टक्का फ्रेमचा वेग पाहायचा. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एकीला सुमारे १६.७ मिलिसेकंद. मधेच एखादीने शंभर घेतले की हिसका बसलाच. आणि कार्डाला दोष देण्याआधी रिझोल्यूशन कमी करून बघा. फ्रेम वाढल्या नाहीत तर अडसर प्रोसेसरचा आहे, कार्ड बिचारं रिकामं बसलंय.

आता आपला मे महिना. परीक्षणं होतात थंड खोलीत. आपल्याकडे बाहेर ४५ अंश, आत एसी नसेल तर चाळिशीच्या आसपास. कार्ड खोलीच्याच हवेने थंड होतं. खोली पंधरा अंशांनी तापली की पंख्याच्या त्याच वेगाला चिपही साधारण तेवढीच तापते, आणि ८३-८४ अंशांच्या आसपास कार्ड आपणहून वेग उतरवायला लागतं. कूलरची ओली हवा आणि धूळ मिळून पंख्यामागच्या पात्यांवर जो थर बसतो, तो कधी ब्रशने खरवडून बघा. जुनं-नवं तोलायचंच असेल तर आधी जुन्याच्या चिपवरची थर्मल पेस्ट बदला, पाती साफ करा आणि दुपारी तीन वाजता अर्धा तास चालवा. दोन मिनिटांच्या चाचणीत सगळीच कार्डं गुणी असतात.

विजेचं गणितही इथेच मांडतो. १०८० टीआयचे २५० आणि ४०६० चे ११५ यांत १३५ वॅटचा फरक. रोज आठ तास पूर्ण भाराने म्हणजे एक युनिटहून थोडं जास्त. महावितरणच्या बिलावरचा तुमचा दर घ्या, कामाच्या दिवसांनी गुणा आणि स्वस्तात मिळालेल्या जुन्या कार्डाच्या किमतीत मिळवा.

वापरलेलं घेणाऱ्यांना एक गोष्ट माहीत हवी. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाने मायनिंगची पद्धत बंद केली आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. तेव्हापासून प्रत्येक विक्रेता ‘मायनिंगचं नाही साहेब’ असंच सांगतो. मी पंखा बोटाने फिरवून बघतो, मेमरीवरचे पॅड तेलकट झालेत का ते बघतो. १०८० टीआयच्या पिढीला एनव्हिडियाचे गेमसाठीचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून थांबले. सुरक्षेपुरते ऑक्टोबर २०२८ पर्यंत येतील. एआयची कामं कार्डावर चालवणाऱ्या एनव्हिडियाच्या कुडा या सॉफ्टवेअरची १३ वी आवृत्तीही या पिढीला धरत नाही, त्यामुळे एआय शिकणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. गेमपुरतं, रे ट्रेसिंगविना, भाव पाडून मिळालं तर खुशाल घ्या.

पॉवर सप्लायबद्दल बऱ्याच चिठ्ठ्या आल्यात. पहिली घेतो.