पाऱ्याचा बल्ब उकिरड्यावर नको



घटस्थापना जवळ आली की आपल्या सोलापूर जिल्ह्यात घरोघरी गोधड्या धुवायला निघतात, माळे रिकामे होतात. गेल्या वर्षी आमच्या गटातल्या एका ताईंनी माळा आवरायला घेतला, तर खोक्यात सात जुने सीएफएल बल्ब सापडले. तेच, वेटोळ्याच्या पांढऱ्या नळीचे. एक हातातून निसटून फुटला. ताईंनी केरसुणीनं काचा गोळा केल्या आणि उरलेल्या सहा बल्बांसकट उकिरड्यावर टाकल्या. नातू तिथंच रांगत होता.

संध्याकाळी बैठकीत त्या सहज बोलून गेल्या, तेव्हा कळलं की आपण सगळ्याच असं करतो.

हे बल्ब आले ते वीज वाचवायला. २००९ साली केंद्र सरकारची बचत लॅम्प योजना निघाली, तिच्यात जुन्या पिवळ्या बल्बच्या बदल्यात १५ रुपयांत सीएफएल मिळे. वीज वाचली, बिल कमी आलं. पण या बल्बच्या नळीत थोडा पारा असतो, हे आपल्याला कुणी सांगितलं नाही. ट्यूबलाइटमध्येही असतो. एलईडीत नसतो.

पारा किती? साधारण ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी. ताप मोजायच्या जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये याच्या शंभरपट असे. म्हणून एक बल्ब फुटला तर घाबरायचं नाही. पण पाऱ्याची वाफ होते, ती दिसत नाही, तिला वास नाही. ती श्वासातून आत जाते आणि मेंदूला, मूत्रपिंडाला अपाय करते. पोटातल्या बाळाला आणि रांगत्या मुलांना धोका जास्त. पारा पाण्यात गेला तर माशांत साठतो. जपानमध्ये मिनामाता गावाजवळ एका कारखान्याचं पाऱ्याचं पाणी समुद्रात जात होतं. ते मासे खाऊन माणसं लुळी पडली, १९५६ साली तो आजार उघडकीला आला.

तर बल्ब फुटला की काय करायचं?

आधी मुलांना, गरोदर बाईला बाहेर काढा. पंखा बंद, दारं-खिडक्या उघड्या. पंधरा मिनिटं कुणी आत जायचं नाही. केरसुणी लावू नका, तिनं पारा घरभर पसरतो आणि केरसुणीतही राहतो. जाड पुठ्ठ्यानं काचा गोळा करा. बारीक कण चिकटपट्टीनं टिपा, मग ओल्या फडक्यानं पुसा. काचा, पट्टी, फडकं सगळं घट्ट झाकणाच्या बरणीत भरा आणि हात साबणानं धुवा. यातलं काही चुलीत जाळू नका.

न फुटलेला बल्ब फोडायचा नाही, भंगारातही द्यायचा नाही. कागदात गुंडाळून खोक्यात, मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवायचा.

खोकं भरल्यावर द्यायचं कुणाला? खरी अडचण इथंच आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांत सीएफएल आणि ट्यूबलाइट हा घरातला घातक कचरा म्हटला होता. २०२२ च्या ई-कचरा नियमांनी अशा दिव्यांची जबाबदारी ते बनवणाऱ्या कंपन्यांवरही टाकली आहे. पण आमच्या गावात गोळा करायला कुणी येत नाही. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असा आपल्या राज्यात कायदा आहे. त्या सभेत आम्ही विचारलं, "हे बल्ब कुठं द्यायचे?" प्रश्न इतिवृत्तात लिहून घेतला. उत्तर अजून यायचंय, आम्ही पुन्हा विचारणार आहोत. तुम्हीही तुमच्या गावात विचारा. एका गावानं विचारलं तर विसरतील, वीस गावांनी विचारलं तर गाडी पाठवावी लागेल.

त्या सहा बल्बांचं काय झालं? दुसऱ्या दिवशी आम्ही ताईंच्या उकिरड्यावर गेलो. चार अख्खे सापडले, दोन फुटले होते. त्याच उकिरड्याचं खत ज्वारीला जातं आणि त्याच ज्वारीची भाकरी नातवाच्या ताटात येते. ते चार बल्ब आज गटाच्या पेटीशेजारी खोक्यात आहेत.

या घटाला माळा काढाल, तेव्हा आधी एक रिकामं खोकं जवळ घ्या.