व्हेनिसच्या माणसाने काढवून घेतलेला वीर

पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात एक जुनं चित्र आहे. घोड्यावर स्वार शिवाजी महाराज, सोबत पायी चालणारे हत्यारबंद शिपाई. हे चित्र काढवून घेणारा होता निकोलाव मनुची, मूळचा इटलीतल्या व्हेनिसचा. लहान वयात घर सोडून तो हिंदुस्थानात आला. कधी मुघल शहजादा दारा शुकोहच्या तोफखान्यात नोकरी, कधी वैद्यकी, असं त्याचं आयुष्य. १६६५ मध्ये पुरंदर किल्ल्याच्या वेढ्यावेळी तो मुघल सेनापती मिर्झाराजे जयसिंगांच्या छावणीत होता. तिथे महाराजांशी आपलं बोलणं झालं, असं तो लिहितो. मनुचीला बढाईची हौस होती, तेव्हा त्याचा प्रत्येक शब्द खरा धरू नये. पण छावणीत तो होता, हे महत्त्वाचं.

चित्र मात्र त्याच्या हातचं नाही. ते मीर मुहंमद या चित्रकाराचं. ते एका चित्रमालिकेतलं आहे. मनुची सांगतो, आपण ही मालिका १६८६ पूर्वी शाही महालातल्या चित्रांवरून करून घेतली. म्हणजे मुघलांच्या नजरेतून उतरलेले महाराज! मला हीच त्यातली खरी गंमत वाटते.

आता आपल्या चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा धागा. पुरंदरवर तुटून पडलेला मुघल सरदार दिलेरखान १६६७ मध्ये फौज घेऊन इकडे आला आणि चांद्याच्या गोंड राजाकडून त्याने जबर खंडणी वसूल केली. आपल्या गोंड राजाचं चित्र त्या मालिकेत असतं, तर किती बरं झालं असतं! इथे त्या राजवटीची खूण शोधायची, तर चंद्रपूरच्या परकोटाचे दरवाजे बघा. हत्तीवर मात करणारा सिंह तिथे दगडात कोरलेला आहे.