विझार्ड भारी की वॉरलॉक?

समजा, आपली डी अँड डीची मोहीम लोणारच्या विवरात उतरतेय. नियम २०१४ चे, सगळे पाचव्या लेव्हलला. विझार्डकडे दिवसाला ९ स्पेल स्लॉट, वॉरलॉककडे फक्त २. मग वॉरलॉक कच्चा? थांबा! त्याचे दोन्ही स्लॉट तिसऱ्या लेव्हलचे, आणि तासाभराच्या विश्रांतीत परत भरतात. दोनदा थांबलात की दिवसात ६. विझार्डचे त्या लेव्हलचे २, फार तर ३.

पण दिवसभरात एकच लढाई ठेवली, तर विझार्ड नऊच्या नऊ उधळतो आणि वॉरलॉकवाला दोस्त नुसता एल्ड्रिच ब्लास्ट मारत बसतो. त्याला वाटतं, आपलं कॅरेक्टरच फालतू.

म्हणून डीएम भाऊ, दोन थांबे आधीच आखा: एक धारेपाशी, एक खाली कमळजा देवीच्या देवळापाशी. दोस्त पुढच्या रविवारीही खेळायला यायला पाहिजे ना!