साहेब कधी येणार?
(अमरावतीच्या मेळाव्यातील भाषण)



माहेरच्या संपत्तीतल्या हक्कावर आपण पुष्कळ बोलतो. आज मी घर विकत घेण्याबद्दल बोलणार आहे, कारण गेलं वर्षभर मी तेच करते आहे. मी एकटी राहते. पगार नियमित आहे, बँकेचं कर्ज मंजूर आहे. तरी अमरावती-अकोल्यात भेटलेल्या प्रत्येक दलालाचा पहिला प्रश्न एकच : "मॅडम, साहेब कधी येणार घर पाहायला?"

साहेब नाहीत म्हटलं की भाऊ, मग वडील. कोणीच येणार नाही हे कळलं की हा गृहस्थ किल्ली आणायलाच विसरतो. साईनगरातलं एक घर मी तीनदा पाहिलं, तिन्ही वेळा फाटकाबाहेरून!

वागणुकीचा राग येतोच. पण खरं नुकसान होतं ते अज्ञानापायी. नझूलच्या जागेचा पट्टा नव्याने झाला आहे का, विचारलं तर उत्तर : "सगळं क्लिअर आहे." एकाने भावाचं नाव सोबत टाकायला सांगितलं, "वजन राहते." आता, १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात फक्त बाईच्या नावावर राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पुरुषाचं नाव जोडलं की ती गेली. तीस लाखांच्या घरावर तीस हजार रुपये, आणि दलालाला पत्ताच नाही.

अकोल्याच्या जठारपेठेतलं घर मात्र मनात भरलं. दोन खोल्या, मागे कडुनिंब. दोघे भाऊ विकत होते. दलाल इसारासाठी घाई करत होता. मी आखीव पत्रिका मागितली. तिच्यावर अजून वारलेल्या वडिलांचंच नाव. मृत्युपत्र नाही. बहिणी किती? "दोन हायेत, पण त्यांचं काय? लगन होऊन गेल्या." १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून बापाच्या स्वकष्टाच्या मिळकतीत मुलीचा मुलाइतकाच वाटा आहे. हे धंदा करणाऱ्याला माहीत नसावं? की माहीत असून सांगायचं नसावं? मी इसार दिला असता, तर दोन बायकांचा वाटा गिळलेलं घर माझ्या नावावर झालं असतं, आणि उद्या दावाही माझ्याच दारात आला असता.

तुम्ही म्हणाल, महारेरा आहे ना. आहे. २०१७ पासून दलालांची नोंदणी आहे, २०२३ मध्ये प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली. पण ती नोंदणी लागते महारेराकडे नोंदलेल्या प्रकल्पातली घरं विकायला. जुन्या वस्तीतलं जुनं घर दाखवणारा पानठेल्यावरचा दलाल त्यात येतच नाही. आपल्यासारख्यांच्या ऐपतीत तर तीच घरं असतात.

मी बहिणींचा पत्ता काढून भेटायला गेले. थोरली म्हणाली, "मले तं कोनी इचारलंच नाई, बाई." भाऊ माझ्यावर चिडले, दलालाने फोन उचलणं सोडलं. हक्कसोडपत्रावर सही करणार नाही, असं दोघी बहिणींनी कळवलं आहे. वारस म्हणून पत्रिकेवर नावं लावण्याचा अर्जही दिला आहे.

घर अजून तसंच आहे. माझ्या घरमालकाने दिवाळीपर्यंत खोली सोडायला सांगितलं आहे. कोणाला माहितीतलं घर असेल तर सभा संपल्यावर मला भेटा. कागद मी स्वतः पाहीन.