मुक्या प्राण्यांचे ऋण आणि आपले कर्तव्य

(वांद्रे पूर्व येथे एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



औषधे आणि रसायने माणसाच्या हाती देण्यापूर्वी प्रयोगशाळेतील प्राण्यांवर तपासली जातात, हे आपण सारे जाणतो. त्याविषयी बोलणे मात्र टाळतो. एक बाजू म्हणते, माणसाच्या जिवापुढे उंदराच्या जिवाची काय मातब्बरी? दुसरी म्हणते, हे सारे क्रौर्य आहे, आजच्या आज थांबवा. या दोन टोकांच्या मध्ये एक प्रश्न उभा आहे आणि तो तुमच्या-माझ्या घरातल्या औषधाच्या बाटलीशी निगडित आहे. ज्या ज्ञानासाठी मुक्या प्राण्यांनी जीव दिला, त्या ज्ञानाचे आपण पुढे काय केले?

आधी ससा, मग स्वतः

या विषयाशी मुंबईचे नाते जुने आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले. आपल्या वांद्र्यातील जुन्या गावठाणांच्या गल्ल्यांतून आजही जे क्रॉस दिसतात, त्यांपैकी अनेक त्या महामारीच्या काळात भयभीत रहिवाशांनी उभारलेले आहेत. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात डॉ. वाल्देमार हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील तुटपुंज्या जागेत त्यांनी प्लेगची लस सिद्ध केली. ती त्यांनी प्रथम सशांवर तपासली आणि मग १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांची पाळी आली. परळची हाफकिन संस्था ही त्याच प्रयोगशाळेची वारस.

हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. आधी ससा, मग शास्त्रज्ञ स्वतः, मग इतर माणसे. सशाच्या जिवाची किंमत देऊन जे कळले, त्याची जबाबदारी त्या शास्त्रज्ञाने स्वतःच्या देहावर घेतली. प्राण्यांवरील प्रयोगाला नैतिक अधिष्ठान मिळते ते अशा जबाबदारीने. जेथे ही जबाबदारी सुटते, तेथे काय घडते, याची कथा आता सांगतो.

एका गोड विषाची कथा

१९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे जंतुनाशक औषध लोकप्रिय होते. मुलांना घेता यावे म्हणून एका कंपनीने ते द्रवरूपात आणले. विरघळविण्यासाठी डायएथिलीन ग्लायकॉल नावाचे रसायन वापरले. हे रसायन चवीला गोडसर असते. त्या औषधाचा रंग पाहिला गेला, वास पाहिला गेला, चव पाहिली गेली. ते विषारी आहे काय, हे मात्र कोणीही पाहिले नाही, कारण तसे बंधन घालणारा कायदाच नव्हता. शंभराहून अधिक माणसे मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांत लहान मुलेही होती.

शोध लावण्याचे काम शिकागो विद्यापीठातील डॉ. गायलिंग यांच्या प्रयोगशाळेकडे आले. उंदीर, ससे आणि कुत्रे यांच्यावर केलेल्या चाचण्यांतून दोष मूळ औषधाचा नसून त्या द्रावकाचा आहे, हे सिद्ध झाले. १९३८ साली अमेरिकेने कायदा केला आणि नवे औषध विकण्यापूर्वी ते सुरक्षित असल्याचे दाखविणे बंधनकारक ठरले. गायलिंग यांच्या हाताखाली तेव्हा एक तरुण विद्यार्थिनी काम करीत होती. तिचे नाव फ्रान्सिस केल्सी. पुढे १९६० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनात असताना थॅलिडोमाइड या औषधाला परवानगी देण्यास त्यांनी नकार दिला. इतर देशांत गर्भवतींनी ते औषध घेतल्याने सुमारे दहा हजार बालके हातापायांच्या व्यंगांसह जन्मली. अमेरिका त्या संकटातून बव्हंशी बचावली. प्रयोगशाळेतील प्राण्यांनी शिकविलेला धडा एका अधिकाऱ्याने लक्षात ठेवला, तर केवढे कल्याण होते, याचे हे उदाहरण!

चौदा मृत्यू आणि एक अहवाल

आता आपल्या मुंबईकडे येऊ. १९८६च्या आरंभी भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात काही रुग्णांना मेंदूतील वा डोळ्यांतील दाब उतरावा म्हणून ग्लिसरीन देण्यात आले. त्या ग्लिसरीनमध्ये तेच डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले होते. चौदा रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन मरण पावले. सार्वजनिक रुग्णालयात विश्वासाने आलेली ही सामान्य घरची माणसे होती. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली. पुरवठादार, रुग्णालय, अन्न व औषध प्रशासन आणि थेट मंत्र्यांपर्यंत साऱ्यांवर त्या अहवालात ताशेरे आहेत.

मित्रहो, येथे थोडे थांबून विचार करा. या रुग्णांना वाचविण्यासाठी एकाही नव्या प्राण्याचा बळी द्यावा लागणार नव्हता. हे रसायन मूत्रपिंडांचा घास घेते, हे उंदरांनी आणि सशांनी जीव देऊन एकोणपन्नास वर्षे आधीच सांगून ठेवले होते. हवी होती ती केवळ एक रासायनिक चाचणी. ती झाली नाही आणि ज्या परीक्षेतून उंदीर गेले होते, तीच परीक्षा रुग्णालयाच्या खाटेवर माणसांनी दिली.

हा जुना इतिहास आहे असे कोणी म्हणेल, तर २०२५ साल आठवावे. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या 'कोल्ड्रिफ' या औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. त्यांपैकी कित्येकांना उपचारांसाठी आपल्या नागपुरात आणले होते. तामिळनाडूत बनलेल्या त्या औषधाच्या तपासणीत डायएथिलीन ग्लायकॉलचे प्रमाण ४८.६ टक्के आढळले. मर्यादा आहे ०.१ टक्का! १९३७, १९८६, २०२५. विष तेच, मरणाची रीत तीच. प्राण्यांवरील क्रौर्य म्हणजे केवळ पिंजऱ्यातले क्रौर्य नव्हे. त्यांच्या मरणातून मिळालेले ज्ञान कपाटात धूळ खात ठेवणे, हेही क्रौर्यच होय.

कायदा काय सांगतो?

आपल्या परंपरेत भूतयज्ञाची कल्पना आहे. जगताना आपण इतर जीवांचे काही घेतो, त्याची जाणीव ठेवून परतफेड करावी, हा तिचा आशय. स्वतंत्र भारताच्या कायद्यातही हा भाव उतरला आहे. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीची तरतूद केली. लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा प्राणी घेऊ नये, शस्त्रक्रिया बधिर केल्याविना करू नये, केवळ हात बसावा म्हणून प्रयोग करू नयेत, असे हा कायदा सांगतो. १९९८च्या नियमांनी संस्थांची नोंदणी आणि प्रत्येक संस्थेत नीतिविषयक समिती आवश्यक केली. या समितीवर विज्ञानक्षेत्राबाहेरची, सामाजिक भान असलेली एक व्यक्तीही असते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

१९५९ साली रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन सूत्रे मांडली. शक्य तेथे प्राण्याऐवजी अन्य पद्धत वापरा, प्राण्यांची संख्या घटवा, वेदना कमी करा. भारताने या दिशेने पावले टाकली आहेत. २०१४ साली सौंदर्यप्रसाधनांच्या प्राणिचाचण्यांवर बंदी आली. त्याच वर्षी तशी चाचणी केलेल्या प्रसाधनांची आयातही बंद झाली. ओठांच्या रंगासाठी सशाचे डोळे जाळण्याचे कारणच काय? २०२३ साली नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन मानवी पेशींवरील आणि संगणकीय पद्धतींना मान्यता मिळाली. तथापि संपूर्ण शरीरात औषध कसे फिरते, गर्भावर काय परिणाम करते, या प्रश्नांची पूर्ण उत्तरे पेशींच्या थाळीतून अजून मिळत नाहीत. म्हणून ही वाट धीराने चालावी लागेल. घाईने चाचणीच वगळली, तर पहिला घोट कोणाच्या तरी लेकराला पाजला जाईल.

आपण काय करावे?

आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर, वांद्रे-कुर्ला संकुलात, राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे मुख्यालय आहे. त्या वास्तूवरून आपण रोज जातो. तेथे औषध निरीक्षकांची पदे भरलेली आहेत का, नमुन्यांचे अहवाल वेळेवर येतात का, हे प्रश्न जागरूक नागरिकांनी विचारलेच पाहिजेत. माहितीचा अधिकार त्यासाठीच आहे. औषध घेताना पावती घ्या, त्यावर बॅच क्रमांक आहे का ते पाहा. दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, अशी सूचना केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५मध्ये दिली आहे. ती शेजारच्या वस्तीतील मातेपर्यंत पोहोचविणे, हे कार्यकर्त्याचे काम आहे. प्रसाधने घेताना ती प्राण्यांवर तपासलेली नाहीत ना, हे भगिनींनी अवश्य पाहावे.

प्रयोगशाळेतील प्राण्याने आपली संमती दिलेली नसते. त्याचे उपकार फेडण्याचा मार्ग एकच आहे. त्याच्यावर अनावश्यक प्रयोग होऊ देऊ नयेत आणि आवश्यक प्रयोगातून जे कळले, ते एक क्षणही विसरू नये. असे वागलो, तरच भूतदया हा शब्द उच्चारण्याचा अधिकार आपल्याला राहील.