आधी आर्म, मग अलाइनमेंट, मग टायर



आता बऱ्याच बचत गटांकडे स्वतःची गाडी आहे. कुणी पापड-मसाले बाजाराला नेतं, कुणी भाजी, कुणी शाळेची मुलं. रात्री-अपरात्री बाळंतपणाच्या बाईला दवाखान्यात न्यायलाही हीच गाडी धावते. हप्ता आपण भरतो, इंधनाचा हिशेब ठेवतो. गाडी गॅरेजला गेली की मात्र मेकॅनिक सांगेल तो आकडा देतो, कारण आत काय असतं हे आपल्याला कुणी सांगितलेलंच नसतं. आज त्यातला एकच भाग समजून घेऊ.

त्याचं नाव लोअर आर्म. गॅरेजमध्ये नुसतं 'आर्म' म्हणतात. ईको, ओम्नी यांसारख्या गाड्यांत पुढच्या प्रत्येक चाकामागे असा एक लोखंडी हात असतो. काही जीपसारख्या गाड्यांना वर एक आणि खाली एक असे दोन असतात. ज्या मालगाड्यांना पुढेही पाटे असतात, त्यांना हा भाग नसतो.

आर्मचं एक टोक गाडीच्या सांगाड्याला बोल्टने जोडलेलं असतं. तिथे लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून रबरी बुश बसवतात. दुसरं टोक चाकाकडे, तिथे बॉल जॉइंट. मांडीचं हाड खुब्यात बसतं ना, तसा हा उखळीचा सांधा. वाटीत गोळी फिरते, म्हणून चाक वर-खालीही होतं आणि वळतंही. गोळीभोवती ग्रीस असतं आणि वर रबराची टोपी. टोपी फाटली की ग्रीस निघून जातं, चिखलपाणी आत शिरतं आणि सांधा झिजायला लागतो. खड्ड्यांचे रस्ते आणि पावसाळा, यांत हे लवकर होतं.

झीज ओळखायची कशी? पहिली खूण आवाजाची. गाडी हळू असताना गतिरोधकावरून किंवा खड्ड्यातून गेली की पुढून खडखड, टकटक येते. ब्रेक दाबला की एकदाच 'ठक्' होतं. दुसरी खूण स्टिअरिंगची. सरळ रस्त्यावर गाडी एका अंगाला ओढते, नाहीतर भटकते, सारखी सावरावी लागते. तिसरी खूण टायरची. पुढच्या टायरवरून तळहात फिरवा. आतली किंवा बाहेरची एकच कड गुळगुळीत झाली असेल, तर गाडी टायर खातेय.

या खुणा दिसल्या म्हणजे आर्मच गेला असं मात्र नाही. शॉकअप, लिंक रॉड यांचाही आवाज येतो. म्हणून मेकॅनिककडे तपासून घ्या, आणि तपासताना समोर उभ्या राहा. चाक जॅकवर उचलून तो वर आणि खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी, धरून हलवेल. तिथे चाक खेळलं तर बॉल जॉइंटचा संशय. नऊ आणि तीनच्या जागी खेळलं तर बहुतेक स्टिअरिंगचा टायरॉड. दोन्हीकडे खेळलं आणि चालताना घरघर येत असेल, तर चाकाचं बेअरिंग. मग तो छोट्या पहारीने आर्म हलवून बुश बघेल. रबरावर बारीक रेघा असल्या तर घाबरू नका. रबर आरपार फाटलं असेल किंवा लोखंडापासून सुटलं असेल, तर बदलायचं. आणि एक नियम पक्का ठेवा: गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली कुणीही डोकं घालायचं नाही.

आता जिवाची गोष्ट. बुश झिजला तर गाडी त्रास देते आणि टायर खाते. काही दिवसांत काम करून घेतलं तरी चालतं. बॉल जॉइंट खेळायला लागला असेल, तर त्या गाडीत माणसं बसवू नका. सांधा निखळला की चाक आडवं होतं आणि स्टिअरिंग फिरवून काही उपयोग होत नाही. 'एवढी एक फेरी मारू' म्हणायचं नाही. मेकॅनिकला गाडीजवळ बोलवा.

काम करून घेताना चार गोष्टी सांगा. एक, नुसता बुश किंवा बॉल जॉइंट वेगळा मिळतो का ते विचारा. काही गाड्यांत मिळतो, काहींत आर्म पूर्ण बदलावा लागतो. दोन, आर्म वाकला असेल तर गरम करून, ठोकून सरळ करू देऊ नका. त्याने लोखंडाची ताकद जाते. तीन, बुशचे बोल्ट शेवटी, गाडीचं वजन चाकांवर आल्यावर आवळायला सांगा. चाक लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवा बुशही लवकर फाटतो. चार, काढलेला जुना भाग मागून घ्या आणि पक्कं बिल घ्या. दुसऱ्या बाजूचा आर्मही त्याच वेळी तपासून घ्या, तोही तेवढंच धावलेला असतो.

बुश करकरतो म्हणून त्यावर जुनं ऑइल किंवा डिझेल ओतू नका. त्याने रबर फुगतं आणि मऊ पडतं.

आणि खर्चाचा क्रम लक्षात ठेवा. टायर झिजले की आपण नवे टायर घालतो. आर्म ढिला असेल, तर ते नवे टायरही तसेच खाल्ले जातात. अलाइनमेंट केली तरी टिकत नाही, कारण चाक ज्याला धरून आहे तोच भाग हलतोय. म्हणून आधी आर्म, मग अलाइनमेंट, मग टायर. एका आर्मच्या खर्चाला मागे-पुढे बघून दोन टायरांचे पैसे घालवायचे नाहीत.

पुढच्या मासिक बैठकीत गाडीची एक नोंदवही सुरू करा. तारीख, किलोमीटर, कुठला भाग बदलला आणि बिल किती, एवढं लिहा. महिन्यातून एकदा दोघी जणींनी टायरवरून हात फिरवायचा. आणि ड्रायव्हरदादांना सांगून ठेवा, खडखड आली की गाण्याचा आवाज वाढवू नका, गटाला कळवा.