दोर ओढणारा



मी इतिहासकार नाही. गोदीत बोजा उचलतो, मॅट्रिक झालोय, कविता लिहितो. भोंगा झाला की पाळीला उभं राहायचं, भोंगा झाला की सुटायचं. म्हणून हा भोंगा वाजवतो कोण, असला प्रश्न मला पडतो.

अँड्र्यू मॅकनेअर. ऐकलंय नाव? नाही ना. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या स्टेट हाऊसचा हा दारवान. १७५९ ते १७७६ तिथली सुमारे २,०८० पौंडांची घंटा वाजवणं हे त्याचं काम. सभा भरायचीय, ओढ दोर. काही जाहीर करायचंय, ओढ दोर. १७७२ साली शेजारच्या लोकांनी अर्ज केला, ही घंटा सारखी वाजते, आम्हाला त्रास होतो. आणि जो तिच्याखाली उभा, त्याच्या कानांचा अर्ज कुणी करायचा?

८ जुलै १७७६. स्टेट हाऊसच्या आवारात स्वातंत्र्याचा जाहीरनामा लोकांपुढे वाचला गेला. शहरात घंटा वाजल्या. मनोऱ्याचं लाकूड कुजलेलं, त्यामुळे हीच घंटा वाजली का यावर विद्वान भांडतात. वाजली असेल तर दोर बहुतेक मॅकनेअरच्याच हातात होता.

पण गोष्ट कुणाची झाली? तर मनोऱ्यात पांढऱ्या केसांचा एक म्हातारा, खाली एक गोंडस पोर. तारीख ४ जुलै. पोर ओरडतं, म्हातारा घंटा वाजवतो. ही बंडल १८४७ साली जॉर्ज लिपार्ड नावाच्या लेखकानं मारली आणि लोकांनी खरी मानली. साला, राबणारा गायब, न झालेला म्हातारा अमर!

आता ऐका, घंटेवर कोरलंय काय. देशातल्या सगळ्या रहिवाशांना स्वातंत्र्य जाहीर करा, अशा अर्थाचं बायबलातलं वचन. सगळ्या! आणि जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफरसननं हयातीत सहाशेच्या वर माणसं गुलाम म्हणून बाळगली. ते वचन मनावर घेतलं गुलामी मोडायला निघालेल्यांनी. १८३० नंतर त्यांनीच 'लिबर्टी बेल' हे नाव रूढ केलं. तोवर ती नुसती स्टेट हाऊसची घंटा. १८६५ ला तिथली गुलामी कायद्यानं गेली, आणि १८७३ ला आपल्या जोतीबांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना सोडवणाऱ्या त्याच अमेरिकी लोकांना. घंटेचा आवाज पुण्यापर्यंत आला तो असा, राजवाड्यांच्या वाटेनं नाही.

आज ती तडकलेली घंटा बघायला रांगा लागतात. वाजवत कुणी नाही.

माझी उद्या पहिली पाळी. भोंगा वाजवणाऱ्याचं नाव मी अजून विचारलेलं नाही. उद्या विचारतो.